लास वेगासच्या पोकर रूम्स: सहा रात्री, पाच खोल्या

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, ऑक्टोबरमध्ये मी आणि माझा मावसभाऊ सहा रात्री लास वेगासला राहून आलो. शो, खरेदी, ग्रँड कॅन्यन यांतलं काहीच केलं नाही, फक्त पोकर खेळलो. मराठीत याबद्दल वाचायला फार कमी मिळतं, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी तिथे खेळलं आहे त्यांनी भर घालावी, कुठे चुकलो असेन तर जरूर सांगावं.

पोकर रूम आणि बाकीचा कॅसिनो यांत मोठा फरक आहे, तो आधी सांगतो. रूलेट किंवा ब्लॅकजॅकला आपण कॅसिनोविरुद्ध खेळतो. पोकरमध्ये टेबलाभोवती बसलेल्या आठ माणसांविरुद्ध. कॅसिनो जागा, पत्ते आणि डीलर देतो आणि त्याबदल्यात प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) आपला वाटा काढतो, त्याला रेक म्हणतात. नेवाडाच्या नियमाप्रमाणे रेक पॉटच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, शिवाय बहुतेक खोल्यांत काही डॉलरवर तो थांबतो.

आम्ही दोघं खेळतो ते १-३ नो लिमिट होल्डेम. यात प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात आणि मधे सगळ्यांसाठी पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग चौथा (टर्न), मग पाचवा (रिव्हर). समोरच्याने लावलं तेवढंच घालणं म्हणजे कॉल, ते वाढवणं म्हणजे रेझ, आणि नो लिमिट म्हणजे सगळ्या चिप्सही एकदम लावता येतात. डीलर बटणाच्या (डावागणिक पुढे सरकणारी खूण, ती ज्याच्यापुढे त्याची पाळी शेवटी) डावीकडचे दोन जण पत्ते बघण्याआधी अनुक्रमे १ आणि ३ डॉलर लावतात, मग खेळ सुरू होतो. टेबलावर बसताना साधारण १०० ते ३०० डॉलरच्या चिप्स घ्याव्या लागतात, काही ठिकाणी ५०० पर्यंत घेता येतात. मी पोकरसाठी २,००० डॉलर वेगळ्या पाकिटात ठेवले होते. जेवणाखाण्याचे आणि हॉटेलचे पैसे त्यात मिसळायचे नाहीत, हे निघण्याआधीच ठरलं होतं.

पहिली रात्र बेलाजिओ. हे हॉटेल १९९८ मध्ये उघडलं. तिथल्या पोकर रूमला लागून काचेआड एक स्वतंत्र खोली आहे. १९७८ चा विश्वविजेता बॉबी बाल्डविन याच्या नावावरून तिला बॉबीज रूम म्हणत, पुढे तिचं नाव लेजंड्स रूम केलं. आतमध्ये लाखांचे डाव चालतात आणि बाहेर हाताच्या अंतरावर आमच्यासारखे ३०० डॉलर घेऊन बसलेले असतात. पहिला अर्धा तास माझी नजर सारखी त्या काचेकडे जात होती. यादीत नाव लिहून पाऊण तास थांबलो तेव्हा कुठे जागा मिळाली, तीही मस्ट-मूव्ह टेबलावर. मुख्य टेबलावर जागा झाली की मस्ट-मूव्हवरच्या ज्याचा नंबर असेल त्याला उठून तिकडे जावंच लागतं. दोन तास बसून मी शेजाऱ्यांचा खेळ ओळखायला लागलो, कोण भीत भीत खेळतो, कोण रेटून नेतो हे कळायला लागलं, आणि नेमका तेव्हा माझा नंबर आला. नव्या टेबलावर पुन्हा श्रीगणेशा. याची आधी कल्पना असती तर सुरुवातीच्या टेबलावर इतकं लक्ष खर्च केलं नसतं.

दुसरी रात्र आरिया. इथे माझा सहलीतला सर्वांत मोठा पॉट झाला आणि तो मी हरलो. माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी, मी बटणावर. सुरुवातीच्या जागेवरून एका वयस्कर बाईंनी १५ केले, दोघांनी कॉल केला, मीही केला. पॉट ६४. फ्लॉप आला इस्पिकची अठ्ठी, बदामचा गुलाम, बदामची चौकी. तीन अठ्ठ्या! बाईंनी ४० लावले, पुढच्याने सोडलं, त्याच्या पुढच्या तरुणाने कॉल केला, मी १४० केले. बाईंनी बराच विचार करून पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला, आणि त्या तरुणाने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, एकूण ३३०. माझा कॉल. त्याच्याकडे बदामचा एक्का आणि बदामची दश्शी. टर्नला किलवरची दुर्री. रिव्हरला बदामची छक्की. साडेसातशेच्या आसपासचा पॉट त्याच्याकडे गेला. अशा स्थितीत चारपैकी तीन वेळा मी जिंकतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीही पुढचा तासभर मी नीट खेळू शकलो नाही. उठून बाहेर चक्कर मारायला हवी होती, ती मारली नाही, आणि त्या तासात आणखी ९० डॉलर घालवले. पॉट गेल्याचं वाईट वाटत नाही. ते ९० आजही टोचतात.

तिसरी रात्र एन्कोर. विन आणि एन्कोर ही दोन हॉटेलं एकमेकांना जोडलेली आहेत आणि पोकर रूम एन्कोरच्या बाजूला आहे. खोली सुंदर, खुर्च्या चांगल्या, डीलर झपाझप पत्ते वाटतात. टेबल मात्र कठीण मिळालं. नऊपैकी पाच जण नियमित खेळणारे वाटले, एकमेकांना नावाने हाक मारत होते. मी फार कमी डाव खेळलो, हातात चांगलं आलं तेव्हाच पैसे लावले आणि वर राहिलो, म्हणजे फायद्यात.

चौथ्या दिवशी व्हेनेशियनला २२० डॉलर भरून टूर्नामेंट खेळलो. सहा तास टिकलो, बक्षिसापर्यंत पोचलो नाही.

पाचवी रात्र ऑर्लिन्स, आणि माझ्यासाठी सगळी सहल या रात्रीत आहे. हा कॅसिनो स्ट्रिपवर (मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर) नाही, पश्चिमेला ट्रॉपिकाना अव्हेन्यूवर आहे. तिथे गावातली माणसं खेळतात, बरीचशी निवृत्त. मी ४-८ लिमिट ओमाहा हाय-लोच्या टेबलावर बसलो. लिमिट म्हणजे एका वेळी लावायची रक्कम ठरलेली, इथे ४ किंवा ८ डॉलर. यात प्रत्येकाला चार पत्ते मिळतात आणि त्यांतले नेमके दोनच वापरायचे, टेबलावरचे तीन. अर्धा पॉट सर्वांत मोठ्या हाताला, अर्धा सर्वांत छोट्या हाताला, पण छोटा हात अठ्ठी किंवा त्याखालच्या पाच वेगवेगळ्या पत्त्यांचा असेल तरच. माझ्या डावीकडे सत्तरीतले एक गृहस्थ होते. माझ्याकडे एक्का-दुर्री होती, म्हणजे छोटा हात जवळपास पक्का, म्हणून मी शेवटपर्यंत रेझ करत गेलो. पत्ते उघडले तर त्यांच्याकडेही एक्का-दुर्री. मोठा हात तिसऱ्याचा. अर्ध्या पॉटचे पुन्हा दोन भाग झाले आणि माझ्या वाट्याला पाव आला. तिघांनी सारखेच पैसे घातलेले, त्यामुळे जिंकूनही माझं नुकसान झालं. डाव संपल्यावर त्यांनी मला हे शांतपणे, चिप्स मांडून समजावलं. ते माझे प्रतिस्पर्धी होते, त्यांना सांगायची काही गरज नव्हती. आठ तास बसलो, ३५ डॉलर वर. कोणी फोनमध्ये डोकं घालून बसलं नव्हतं, कानात हेडफोन नव्हते. एकजण आजारपणातून उठून दोन महिन्यांनी आला होता, अख्खी खोली त्याला भेटून गेली.

आता एक प्रसंग, जो सांगायला हवा. कुठल्या खोलीत ते लिहीत नाही. आम्ही दोघं भाऊ एकाच टेबलावर शेजारी बसलो होतो. मी एका गृहस्थांविरुद्ध डावात, भावाने पत्ते टाकलेले. त्याने मला मराठीत काहीतरी विचारलं, मी दोन शब्दांत उत्तर दिलं. डीलरने हात वर करून खेळ थांबवला. डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी, असं त्याने सांगितलं. समोरच्या गृहस्थांनी फ्लोअरला, म्हणजे खोलीच्या पर्यवेक्षकाला, बोलावलं. फ्लोअरच्या बाईंनी आम्हाला समज दिली, पुन्हा झालं तर टेबल सोडावं लागेल म्हणाल्या. कान गरम झाले माझे. स्वतःच्या भावाशी स्वतःच्या भाषेत बोलायचं नाही, हे फार लागलं. रात्री खोलीवर गेल्यावर मी त्या गृहस्थांच्या जागी बसून बघितलं. समोर दोन अनोळखी माणसं, त्यांतल्या एकाने पत्ते टाकलेत म्हणजे दोन पत्ते त्याला ठाऊक आहेत, आणि तो दुसऱ्याशी मला न कळणाऱ्या भाषेत बोलतोय. मीही फ्लोअरला बोलावलं असतं. त्या रात्रीपासून आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागलो, आणि माझा खेळ तिथून सुधारला.

हिशेब: बेलाजिओ ९ तास, २१० वर. आरिया ८ तास, ४२० खाली. एन्कोर १० तास, २६५ वर. ऑर्लिन्स ८ तास, ३५ वर. टूर्नामेंटचे २२० गेले. एकूण १३० डॉलर खाली. सहाव्या रात्री खेळलो नाही, दोघंही थकलो होतो.

पुढच्या वेळी जून-जुलैत, पोकरच्या विश्वमालिकेच्या (वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर) काळात जायचा विचार आहे. कोणी गेलंय का?

---

हिशेबनीस

फार आवडलं. आकडे मोकळेपणाने दिलेत म्हणून एक गोष्ट दाखवतो.

टूर्नामेंट बाजूला ठेवा. कॅश गेममध्ये (रोख पैशांच्या साध्या टेबलांवर) तुम्ही ३५ तास बसलात आणि ९० डॉलर वर आहात. लाइव्ह टेबलावर तासाला साधारण ३० डाव होतात. प्रत्येक डावात सरासरी ४ डॉलर रेक, जॅकपॉट किंवा हाय हँडच्या (सर्वांत मोठ्या हाताच्या) बक्षिसांसाठी १ डॉलर, जिंकणाऱ्याची डीलरला टिप १ डॉलर असं धरू. फ्लॉपआधी संपलेल्या डावात सहसा रेक घेत नाहीत, म्हणून सरासरी कमी धरली आहे. ६ गुणिले ३०, तासाला १८० डॉलर टेबलावरून उठून जातात. नऊ जणांत वाटले तर माणशी २०. म्हणजे ३५ तासांत तुमच्या खुर्चीचे सुमारे ७०० डॉलर गेले आणि ते भरूनही तुम्ही ९० वर राहिलात. लिमिटच्या टेबलाचा आकडा थोडा वेगळा निघेल, पण अंदाज याच्या आसपास.

यावरून तुम्ही चांगले खेळाडू आहात हे सिद्ध होत नाही, तेही स्पष्ट सांगतो. ३५ तास म्हणजे हजारएक डाव. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा येते, म्हणजे होल्डेमच्या २७ तासांत तुम्हाला ती तीन-चार वेळाच यायची. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरा पत्ता लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. इतक्या थोड्या डावांत नशिबाचा हात कौशल्यापेक्षा मोठा असतो. आरियाचा तो एक पॉट तुमच्याकडे आला असता तर हा धागा ६०० डॉलर वर असलेल्या माणसाने लिहिला असता आणि खेळ तोच असता.

---

रात्रपाळी

हिशेबनीस, हा ७०० चा आकडा मी कधी मांडलाच नव्हता. डीलरला प्रत्येक पॉटमागे एक डॉलर देत होतो तेवढंच लक्षात होतं. एक्क्यांची जोडी मला तीनदा आली. तीनपैकी दोन वेळा सगळ्यांनी पत्ते टाकले.

---

किलवरची दुर्री

मी १९९० च्या दशकात कामानिमित्त वेगासला वरचेवर जायचो, म्हणून थोडं जुनं सांगतो.

तेव्हा पोकर म्हटलं की मिराज हॉटेल. १९८९ मध्ये ते उघडलं आणि गावातले मोठे खेळाडू तिथे गेले. पुढे बेलाजिओ उघडल्यावर तीच मंडळी तिकडे सरकली. मिराज जुलै २०२४ मध्ये कायमचं बंद झालं. बातमी वाचली तेव्हा मला माझी तिथली पहिली जागा आठवली, भिंतीला पाठ असलेली.

विश्वमालिका सुरू झाली ती १९७० मध्ये, फ्रिमॉन्ट स्ट्रीटवरच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत. पहिल्या वर्षी विजेता टूर्नामेंटमधून ठरला नाही, जमलेल्या खेळाडूंनी मतं देऊन जॉनी मॉसला निवडलं. २००५ मध्ये मालिका रिओ हॉटेलात गेली आणि २०२२ पासून बॅलीज आणि पॅरिस या दोन हॉटेलांत भरते. बॅलीजचं नाव त्याच वर्षी बदलून हॉर्सशू झालं. म्हणजे नावापुरती का होईना, मालिका घरी परतली.

खेळ सामान्यांपर्यंत पोचला तो २००३ नंतर. ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून १०,००० डॉलर प्रवेशमूल्याच्या मुख्य स्पर्धेत शिरला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी ८३९ जण होते. २००६ मध्ये ८,७७३ झाले. २०२३ मध्ये पहिल्यांदा दहा हजारांच्या पुढे गेले, १०,०४३. मनीमेकरच्या आधीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना विचारा, एका रात्रीत धुराने भरलेल्या जुन्या खोल्यांतली गर्दी तरुण झाली. आता तर पोकर रूममध्ये धूम्रपान चालतच नाही, बाहेरच्या मशिनांजवळ अजूनही चालतं.

जून-जुलैत जाणार असाल तर मुख्य स्पर्धेचा विचार न करता मालिकेच्या आजूबाजूला चालणारे कॅश गेम खेळा. तेव्हा जगभरातली माणसं आलेली असतात आणि स्पर्धेतून बाहेर पडलेला माणूस बऱ्याचदा थेट कॅश टेबलावर येऊन बसतो, मन जागेवर नसताना. त्याचं दुःख कळतं, पण खेळ खेळ आहे. ऊन मात्र भयंकर असतं. पायी पायी एका हॉटेलातून दुसऱ्यात जायचा बेत ठेवू नका.

---

मोगरा

मी दोन वर्षांपूर्वी एकटी गेले होते, नवरा कॉन्फरन्सला आणि मी पोकरला. बाई म्हणून काय वाटतं हे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

बऱ्याच टेबलांवर मी एकटीच बाई होते. दोन प्रकारचे पुरुष भेटले. काही जण मला शिकवायला लागले, मी न विचारता. काहींना वाटलं मी फक्त चांगले पत्ते आल्यावरच पैसे लावणार, म्हणून मी रेझ केला की ते पत्ते टाकायचे. दुसऱ्या प्रकारच्या माणसांकडून मी बऱ्यापैकी पॉट काढले. पहिल्या प्रकारच्या माणसांचं ऐकून घेतलं, कारण शिकवणारा माणूस बोलता बोलता स्वतः कसा खेळतो तेही सांगून जातो.

एका खोलीत मात्र शेजारचा माणूस प्यायलेला होता आणि सारखा माझ्या खुर्चीकडे झुकत होता, घाणेरडं बोलत होता. डीलरने दुर्लक्ष केलं. तेव्हा मी फ्लोअरला हाक मारली आणि जागा बदलून मागितली. फ्लोअरच्या माणसाने मला हलवलं नाही, त्यालाच उठवलं. बायांनो, हे लक्षात ठेवा: डीलरला टेबलावरच्या माणसाला शिस्त लावायचा अधिकार फारसा नसतो, फ्लोअरला असतो. थेट फ्लोअरला बोलवायचं, आणि लगेच. मी वीस मिनिटं सहन केलं, ती करायला नको होती.

जागेबद्दल आणखी एक. जो माणूस सतत रेझ करतो तो तुमच्या उजवीकडे असावा, म्हणजे त्याने काय केलं ते बघून तुम्हाला ठरवता येतं. बसतानाच डीलरला सांगून ठेवायचं की जागा बदलायची आहे. मला पहिल्या दिवशी हे मागायला संकोच वाटला. तो अगदी सामान्य शिष्टाचार आहे, कोणाला काही वाटत नाही.

ऑर्लिन्सबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून पुढच्या वेळी नक्की जाणार.

---

उंबरठा

लेख प्रामाणिक आहे, म्हणून प्रामाणिकपणे लिहितो. माझ्या सख्ख्या मेहुण्याने पत्त्यांत दुकान घालवलं. त्याचीही सुरुवात वेगळ्या पाकिटानेच झाली होती. तो म्हणायचा हा अकलेचा खेळ आहे, जुगार नाही. तुमचे आकडे, शक्यता, टक्केवारी वाचताना मला त्याचाच आवाज ऐकू येत होता. तुम्ही १३० डॉलर हरून आनंदात परत आलात, ठीक आहे. पण हे वाचून जो जाईल तो तुमच्यासारखा सहाव्या रात्री उठून झोपेल याची खात्री काय?

---

रात्रपाळी

उंबरठा, खात्री नाही. तुमच्या मेहुण्याबद्दल वाचून वाईट वाटलं आणि तुम्ही इथे लिहिलंत हे बरं केलंत.

मी पोकरला जुगार नाही असं म्हणणार नाही. पैसे लावलेले असतात आणि पुढचा पत्ता कोणाच्याच हातात नसतो, तो जुगारच. कौशल्याचा भाग आहे, पण हिशेबनीसांनी वर दाखवलंच आहे की थोड्या काळात तो दिसतही नाही. आणि रेकमुळे टेबलावरचे बहुतेक लोक शेवटी हरतात. हे मी लेखातच लिहायला हवं होतं.

मी काय केलं तेवढं सांगतो. बँकेचं कार्ड खोलीतल्या तिजोरीत ठेवून खाली जायचो. एका रात्री दोनदा चिप्स घेतल्या आणि त्या गेल्या की उठायचं. आरियात मी दोनदा घेतल्या होत्या, तिसऱ्यांदा घ्यायची फार इच्छा झाली. कार्ड वर होतं. लिफ्टपर्यंत गेलो, तिथे भाऊ भेटला आणि आम्ही जेवायला गेलो. तो भेटला नसता तर काय झालं असतं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

---

उंबरठा

हे लिहिलंत त्याबद्दल आभार. लिफ्टची गोष्ट मूळ लेखात असायला हवी.

---

सातासमुद्रापार

मी अमेरिकेतच असतो. जाणाऱ्यांसाठी कायदेशीर बाबी.

वय २१ पूर्ण हवं आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा. फोनमधला फोटो चालत नाही, माझ्या मित्राला परत हॉटेलवर जावं लागलं होतं.

कर: कॅश गेममध्ये तुम्ही चिप्स वटवता तेव्हा जागेवर काही कापत नाहीत. टूर्नामेंटमध्ये मोठं बक्षीस लागलं तर परदेशी नागरिकाचे ३० टक्के तिथेच कापून घेतात. काही देशांच्या रहिवाशांना करारामुळे यातून सूट आहे. भारत त्या यादीत नाही. गंमत म्हणजे ब्लॅकजॅक, रूलेट, क्रॅप्स (फाशांचा खेळ) यांतली कमाई परदेशी माणसाला करमुक्त आहे, पोकरला ती सवलत नाही.

दिवसात १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख हाताळली तर कॅसिनो सरकारकडे माहिती भरतो. ती नुसती नोंद आहे, घाबरू नये. पण ती टाळायला रक्कम मुद्दाम तुकड्यांत वटवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ते करू नका.

आणि वेगासच्या पुढे जायला वेळ असेल तर लॉस एंजेलिसला जा. कॉमर्स कॅसिनो १९८३ पासून आहे, दोनशेहून जास्त टेबलं, वेगासची कुठलीही खोली त्यापुढे लहान वाटते. कॅलिफोर्नियाच्या कार्ड रूम्सची परंपराच वेगळी. तिथे लॉस एंजेलिसजवळच्या गार्डीनात १९३० च्या दशकापासून क्लब होते आणि कित्येक दशकं फक्त ड्रॉ पोकर (हातातले पत्ते बदलून घ्यायचा प्रकार) चालायचं, होल्डेमला परवानगी मिळाली ती १९८० च्या दशकाच्या शेवटी. वाटा घेण्याची पद्धतही निराळी. वेगासमध्ये पॉट वाढेल तसा रेक वाढतो, तिथे बहुतेक ठिकाणी डावामागे ठरलेली रक्कम उचलतात. त्यामुळे छोट्या टेबलांवर ते फार महाग पडतं. खेळ मात्र जास्त मोकळा, लोक पत्ते टाकतच नाहीत.

---

नवी खेळी

मी घरच्यांबरोबर खेळते, कॅसिनोत कधी गेले नाही. पहिल्यांदा बसल्यावर चूक होऊ नये म्हणून काय लक्षात ठेवू? सगळे बघत असताना चुकायची भीती वाटते.

---

किलवरची दुर्री

घाबरू नका, प्रत्येक डीलरने हजार नवखे पाहिलेले असतात. तीन गोष्टी पुरतात.

तोंडाने बोललात ते बंधनकारक. "रेझ" म्हणालात की रेझ करावाच लागतो.

एकच मोठी चिप न बोलता पुढे टाकलीत तर तो कॉल धरतात. समोरच्याने १५ लावलेत, तुम्हाला १०० करायचे आहेत आणि तुम्ही मुकाट्याने १०० ची चिप टाकलीत, तर ८५ परत येतात. आधी आकडा बोला, मग चिप टाका. आणि चिप्स दोन खेपांत पुढे सरकवू नका. पहिल्या खेपेला जेवढ्या गेल्या तेवढ्याच धरतात, त्याला स्ट्रिंग बेट म्हणतात.

तिसरं, पत्त्यांवर कायम एक चिप ठेवा. शेवटच्या खुर्च्यांवर डीलरच्या हाताजवळ बसलात तर टाकलेल्या पत्त्यांबरोबर तुमचे चांगले पत्तेही ओढले जाऊ शकतात. एकदा ते ढिगात मिसळले की परत मिळत नाहीत. माझी राण्यांची जोडी अशी गेली आहे.

---

मोगरा

यात एक भर: जिंकलेल्या चिप्सपैकी काही पर्समध्ये टाकून चालत नाही. आपण खेळायला बसलोय तोवर सगळ्या टेबलावरच. मला हे माहीत नव्हतं, डीलरने नम्रपणे परत ठेवायला लावल्या.

आणि टेबलावर बसायच्या आधी दहा मिनिटं कठड्याबाहेर उभी राहून बघ. कोणी हटकत नाही.

---

नवी खेळी

खूप आभार दोघांचे. एकाच चिपचा नियम घरी आजपासून लावते.

---

धाकटी पाती

मी तो मावसभाऊ. दादाने धाग्याची लिंक पाठवली म्हणून सदस्य झालो.

दोन दुरुस्त्या. आरियात त्या बाईंनी डाव संपल्यावर मला त्यांचे टाकलेले पत्ते सांगितले होते, मी त्यांच्या मागच्या टेबलावरून उठून आलो होतो तेव्हा. राजांची जोडी होती. दादाने फ्लॉपवर रेझ केला तेव्हा त्यांना वाटलं हा मुलगा दोन तासांत पहिल्यांदाच ताठ बसला आहे. दादा, तुला हे मी तेव्हा सांगितलं नाही कारण तू बोलायच्या मनःस्थितीत नव्हतास. पुढच्या वेळी हे लक्षात ठेव. चांगले पत्ते आले की तू पाठ सरळ करतोस.

दुसरं, त्या इंग्रजीच्या प्रसंगात मी काय विचारलं होतं ते दादाने लिहिलं नाही. मी विचारलं होतं, "आईला फोन केलास का?" मावशीची तपासणी होती त्या दिवशी. त्याचं उत्तर होतं, "केला, ठीक आहे." फ्लोअरच्या बाईंना मी हे नंतर जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण नियम पुढच्या टेबलावरच्या माणसासाठी आहे जो तुम्हाला ओळखत नाही. मग त्यांनी मावशीची चौकशी केली.

जूनचं मी बघतोय. हॉर्सशूच्या जवळ खोली मिळाली तर घेतो, ऑर्लिन्सचे दोन दिवस आधीच धरून ठेवले आहेत. मोगराताई, तारखा जुळत असतील तर कळवा, पण टेबल वेगळं घेऊ.

---

रात्रपाळी

पाठ सरळ करतो हे मला आज कळलं. एन्कोरच्या त्या पाच जणांना ते पहिल्या तासातच कळलं असणार, म्हणूनच माझ्या चांगल्या हातांना तिथे कोणी कॉल करत नव्हतं. २६५ कसे आले याचा आता पुन्हा विचार करावा लागेल, वहीत ते डाव लिहून ठेवलेत. उद्या टाकतो.